पार्श्वभूमी: दुचाकीचे फ्युएल इंजेक्शन, पिकअप आणि एका बेरजेचा शेवट

1 एप्रिल 2020 रोजी बीएस-6 हे गाड्यांच्या धुराचे नवे सरकारी मानक लागू झाले आणि शंभर-सव्वाशे सीसीच्या साध्या गाड्यांतही फ्युएल इंजेक्शन आले. तेव्हापासून गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते: इंजेक्शनने गाडीचा पिकअप खाल्ला. आकड्यांत या तक्रारीला थोडा आधार आहे. देशात वर्षानुवर्षे सर्वाधिक खपणाऱ्या 97 सीसीच्या गाडीची ताकद 8.36 पीएसवरून (पीएस म्हणजे अश्वशक्तीचे एकक) 8.02 वर उतरली. पल्सर 220 ची सुमारे 21 वरून 20.4 वर आली. तरी खापर इंजेक्शनवर फोडणे चूक आहे. इंजेक्टर सांगाल तेवढे पेट्रोल सोडतो. किती सोडायचे हे त्याच्यामागचा नकाशा, म्हणजे गाडीच्या संगणकातला आकड्यांचा तक्ता ठरवतो, आणि नियम जे मोजतो त्याला धरूनच तो नकाशा बनतो.

इंजेक्शन मुळात आले ते ताकदीसाठी. 1954 च्या जर्मन 300 एसएल स्पोर्ट्स कारमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई, तेव्हा धुराचा विचार कोणाच्या डोक्यात नव्हता. 1967 मध्ये इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन एका जर्मन मोटारीत बसले, ते मात्र अमेरिकेतले धुराचे नियम डोळ्यांपुढे ठेवून. खरा बदल 1976 मध्ये झाला. कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या एका स्वीडिश मोटारीच्या एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर बसला आणि इंजिनाला स्वतःचा धूर तपासून पेट्रोल कमी-जास्त करता येऊ लागले. आपल्याकडच्या दुचाकींत इंजेक्शन आणि सेन्सर ही जोडी सर्रास दिसायला पुढची चार दशके जावी लागली.

ही जोडी का लागते, ते मिश्रणाच्या आकड्यांत आहे. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने 14.7 भाग हवा लागते. सर्वाधिक ताकद मात्र साडेबारा-तेराच्या आसपास मिळते, म्हणजे मिश्रण थोडे रिच (पेट्रोल जास्त) ठेवल्यावर. रिच मिश्रणाने एक्झॉस्ट व्हॉल्व्हही थंड राहतो. पण तेवढे पेट्रोल जाळायला हवा पुरत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. मिश्रण 14.7 च्या थोडे पलीकडे, लीन (पेट्रोल कमी) बाजूला नेले, तर हायड्रोकार्बन आणि मोनॉक्साइड घटतात, नायट्रोजन ऑक्साइड चढतात. थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमध्ये बसून रासायनिक क्रियेने धूर निवळणारा भाग, तिघांनाही मारतो, पण 14.7 च्या अगदी जवळच्या चिंचोळ्या पट्टीतच. त्या पट्टीत कार्ब्युरेटर, म्हणजे हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणारे जुने यांत्रिक साधन, टिकत नाही. पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, म्हणजे जेट, झिजतो, हवामान बदलते, घाटात हवा विरळ होते. सेन्सरवाले इंजेक्शन टिकते. सेन्सर तापला की त्याचा व्होल्टेज 0.1 ते 0.9 च्या दरम्यान सारखा वरखाली होत राहतो. 0.45 च्या वर गेला की पेट्रोल कमी, खाली आला की जास्त. गाडी संथ चालीत असताना हा खेळ सेकंदाला एकदा-दोनदा चालू असतो, चालवणाऱ्याला पत्ताही नसतो.

मग भारतातल्या दुचाकी इतकी वर्षे कार्ब्युरेटरवर कशा चालल्या? याचे उत्तर एका बेरजेत आहे, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासात सर्वांत कमी चर्चा झालेला निर्णय हाच.

दुचाकींसाठी 1996 च्या नियमात मोनॉक्साइडची मर्यादा किलोमीटरला 4.5 ग्रॅम होती. हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड यांना वेगळ्या मर्यादा नव्हत्या, दोन्ही मिळून 3.6 ग्रॅम एवढेच बंधन होते. 2000 मध्ये दोन्ही आकडे 2 वर आले, 2005 मध्ये दीडवर, 2010 मध्ये 1 वर. आकडे झपाट्याने उतरत गेले. बेरीज तशीच राहिली.

बेरजेच्या बाजूने बोलण्यासारखे होते, हे नाकारता येत नाही. तेव्हा रस्त्यावर टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक दोन्ही होत्या. टू-स्ट्रोकमधून न जळलेले पेट्रोल भरपूर बाहेर पडते, नायट्रोजन ऑक्साइड नगण्य. फोर-स्ट्रोकमध्ये पहिले कमी, दुसरे जास्त. शिवाय उन्हात ओझोन तयार होतो तो या दोहोंच्या संयोगातूनच. दोघांना एका तराजूत घातले की निर्मात्याला आपापला मार्ग निवडता येतो, असा युक्तिवाद होता. विरोधातला मुद्दा तेवढाच साधा: फुप्फुसात बेरीज जात नाही. हायड्रोकार्बन उतरवून मिळालेली सूट नायट्रोजन ऑक्साइडवर खर्च करता येत असेल, तर ज्याच्या गल्लीत गाड्यांची रांग लागते त्याला त्या बेरजेचा उपयोग काय? विरोधकांचे म्हणणे मला पटते. पण त्या काळात निर्णय दुसऱ्या बाजूने झाला आणि वीस वर्षे टिकला.

बेरजेचा तांत्रिक परिणाम असा, की नायट्रोजन ऑक्साइडला वेगळे पकडायची सक्ती नव्हती. म्हणून थ्री-वे कन्व्हर्टर अनिवार्य ठरत नव्हता, आणि तो नाही म्हटल्यावर 14.7 च्या पट्टीत राहायचीही गरज नव्हती. कार्ब्युरेटरच्या गाडीला एक्झॉस्ट पोर्टमध्ये ताजी हवा सोडणारी नळी बसवली, पुढे साधा कन्व्हर्टर लावला, की उरलेले हायड्रोकार्बन आणि मोनॉक्साइड सायलेन्सरच्या वाटेतच जळून जात. इंजिन ताकदीच्या बाजूला राहायचे, धूर मागे पुसला जायचा.

त्यात चाचणीची पद्धत सोपी होती. त्या वेळच्या भारतीय ड्रायव्हिंग सायकलचा, म्हणजे चाचणीत गाडी कशी पळवायची याच्या ठरलेल्या क्रमाचा, एक फेरा 108 सेकंदांचा, सर्वोच्च वेग ताशी 42 किलोमीटर, सरासरी 22 च्या आसपास. ताशी सव्वाशेच्या पुढे जाणारी गाडीही रोलरवर 42 च्या पलीकडे पळवली जात नसे. फुल थ्रॉटलला मिश्रण किती रिच आहे, हे विचारणारेच कोणी नव्हते. रस्त्यावरची पीयूसी तर फक्त आयडलिंगला होते. 2000 नंतरच्या दुचाकींना मोनॉक्साइड 3.5 टक्क्यांपर्यंत चालत असे आणि नळी सायलेन्सरमध्ये घालण्याआधी मिस्त्री मिश्रणाचा स्क्रू अर्धा आटा फिरवून देई.

पल्सर 220 चा प्रवास याच चौकटीत पाहायला हवा. 2007 मध्ये ती इंजेक्शन घेऊन आली, तेव्हा आपल्या रस्त्यांवर ही गोष्ट नवलाची होती. 2009 मध्ये तीच गाडी कार्ब्युरेटरवर परतली. ताकद 20 वरून 21 पीएसवर गेली, किंमत उतरली आणि ग्राहक खूश झाला. अनेकांनी त्यातून निष्कर्ष काढला की इंजेक्शन हा महागडा दिखावा आहे. तो निष्कर्ष पुढे दशकभर गॅरेजमध्ये घुमत राहिला. वस्तुतः बेरजेचा नियम आणि 42 किलोमीटरची चाचणी, दोन्ही कार्ब्युरेटरला पास करत होती. इंजेक्शनने जे अधिक स्वच्छ केले असते, त्याचे श्रेय देणारा रकानाच कागदावर नव्हता.

बीएस-4 ने चाचणी बदलली. जागतिक ड्रायव्हिंग सायकल आली, ती थंड इंजिनापासून सुरू होते आणि सर्वांत वेगवान गाड्यांना ताशी 125 पर्यंत नेते. तरीही बहुतेक छोट्या गाड्या कार्ब्युरेटरवर निभावल्या. मार्च 2017 च्या अखेरीस न्यायालयाने बीएस-3 गाड्यांची विक्री थांबवली, तेव्हा शोरूमबाहेर सवलतींसाठी लागलेल्या रांगा पुष्कळांना आठवत असतील. गाजावाजा त्या तारखेचा झाला.

बेरीज पूर्णपणे मोडली ती बीएस-6 मध्ये. हायड्रोकार्बन 0.1 ग्रॅम, नायट्रोजन ऑक्साइड 0.06 ग्रॅम, दोन वेगळे रकाने. मोनॉक्साइडचा आकडा 2010 प्रमाणेच 1 ग्रॅम ठरला, फक्त चाचणी तेव्हापेक्षा कडक होती. बदलाचा सारा भार त्या 0.06 मध्ये आहे. तो गाठायचा तर थ्री-वे कन्व्हर्टर हवा, त्यासाठी 14.7 ची पट्टी हवी, पट्टीसाठी ऑक्सिजन सेन्सर, आणि सेन्सरचे ऐकणारा इंजेक्टर. शंभर सीसीच्या काही गाड्यांनी इलेक्ट्रॉनिक कार्ब्युरेटरने हे साधले, बाकीच्या इंजेक्शनवर गेल्या. ताकदीचा अर्धा-पाव पीएस या साखळीत गेला, आणि मिळालेल्या स्वच्छ हवेच्या मानाने तो फार स्वस्तात गेला.

एक जागा मात्र अजून मोकळी आहे. थ्रॉटल पूर्ण पिळला की बहुतेक गाड्यांचा संगणक सेन्सरचे ऐकणे सोडतो आणि ठरलेल्या रिच नकाशावर जातो. मोटारींमध्ये याच फटीतून 1995 मध्ये अमेरिकेत मोठे प्रकरण उभे राहिले होते. 4 लाख 70 हजार गाड्यांत एसी चालू केला की मिश्रण रिच होई, आणि तिथल्या चाचणीत एसी बंदच असे. मोनॉक्साइड मैलाला 3.4 ग्रॅमच्या मर्यादेऐवजी 10 पर्यंत जाई. त्यानंतर तिथे जोरदार प्रवेगाची आणि एसीची वेगळी चाचणी आली. आपल्याकडे एप्रिल 2023 पासून मोटारींचे उत्सर्जन प्रत्यक्ष रस्त्यावरही मोजले जाते. दुचाकींना त्याऐवजी 2023 आणि 2025 अशा दोन टप्प्यांत ओबीडी-2 लागले, म्हणजे गाडी स्वतःचे सेन्सर आणि कन्व्हर्टर तपासते. फुल थ्रॉटलचा धूर त्यात मोजला जात नाही.

आता पंपावर ई20 आहे. वीस टक्के इथेनॉलमुळे 14.7 चा आकडा साडेतेराच्या जवळ सरकतो. सेन्सर ऐकत असेल तोवर इंजेक्शन हा फरक आपोआप भरून काढते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत तो कोणीच भरून काढत नाही. त्या लीन चालतात आणि तापतात, म्हणून मिस्त्री एक नंबर मोठा जेट टाकून देतात.