मालक, कामगार आणि मधले सरकार

८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळात बाँब टाकले, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. त्या दिवशी सभागृहापुढे काय चालले होते, ते मात्र फारसे कोणी सांगत नाही. सार्वजनिक सुरक्षा विधेयकाचा वाद पेटला होता आणि ट्रेड डिस्प्यूट्स विधेयक नुकतेच मंजूर झाले होते. मालक-कामगारांच्या तंट्यात सरकारने कसे पडायचे, हे देशपातळीवर पहिल्यांदा लिहिले गेले ते या दुसऱ्या कायद्यात. चौकशी न्यायालय आणि समेट मंडळ नेमण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. त्याच कायद्याने सहानुभूतीच्या संपांवर बंदी आणली आणि रेल्वे, टपाल, पाणीपुरवठा अशा सेवांमध्ये संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस सक्तीची केली. समेट आणि मनाई जन्मापासूनच जोडीने आले, आणि ही जोडी पुढे कधीच सुटली नाही.

या कायद्याचे मूळ मुंबईच्या गिरणगावात आहे. तोवर सरकार वाटेल तेव्हा, वाटेल तसे मधे पडत असे. १९२४ मध्ये बोनससाठी गिरण्या बंद पडल्या तेव्हा मुख्य न्यायाधीश मॅक्लाउड यांची समिती नेमली. बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही, असे समितीने सांगितले आणि कामगार रिकाम्या हाताने कामावर गेले. पुढच्याच वर्षी मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात लावली. संप तीन महिने ताणला. शेवटी सरकारने कापडावरचा साडेतीन टक्क्यांचा अबकारी कर स्थगित केला आणि मालकांनी कपात मागे घेतली. हा कर हटवावा, ही मालकांची जुनी मागणी होती. ती पदरात पडायला कामगारांची तीन महिन्यांची उपासमार कारणी लागली.

मग १९२८ उजाडले. सुमारे दीड लाख कामगार एप्रिल ते ऑक्टोबर बाहेर राहिले. गिरणी कामगार युनियनचा लाल बावटा याच संपात उभा राहिला. संयुक्त संप समितीच्या १७ मागण्या न्या. फॉसेट यांच्या समितीकडे सोपवल्यावर गिरण्या सुरू झाल्या. सरकारला दोन गोष्टी कळल्या: कामगार आता एकजुटीने सहा महिने टिकू शकतात, आणि त्यांच्या वतीने बोलणारी माणसे सरकारला नको असलेली आहेत. मार्च १९२९ मध्ये त्यातल्या अनेकांना कम्युनिस्ट पुढाऱ्यांवरच्या मीरत कटाच्या खटल्यात पकडले. १९३४ च्या सार्वत्रिक संपानंतर मुंबई प्रांताने समेटाचा स्वतंत्र कायदा केला आणि गिरणी कामगारांसाठी सरकारी लेबर ऑफिसर नेमला. कामगारांची तक्रार मालकापर्यंत न्यायची, त्यांच्या वतीने बोलायचे, हे त्याचे काम. जे युनियनने करायचे, ते सरकारी नोकराने करावे, असा तो बेत होता.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली इथेच आहे. सरकार समेट किती मनापासून करते याहून, समेटाला कामगारांच्या बाजूने कोणाला बसवते, यावर निकाल ठरत आला.

१९३८ मध्ये बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबई औद्योगिक कलह कायदा आणला. आधी समेटाची कार्यवाही, ती संपेपर्यंत संप बेकायदा, केला तर तुरुंगवास. औद्योगिक न्यायालय ही संस्थाही याच कायद्याने उभी राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधानसभेत त्याला कडाडून विरोध केला. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, आणि माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपणे म्हणजे गुलामगिरी, ही त्यांची मांडणी होती. ७ नोव्हेंबर १९३८ च्या एक दिवसाच्या संपात बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. बाबासाहेबांचा विरोध मध्यस्थीला नव्हता, सक्तीला होता. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारिणीत मजूर खाते आल्यावर सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी आणणारी त्रिपक्षीय परिषद त्यांच्याच अध्यक्षतेखाली भरली, आणि केंद्राची समेट यंत्रणा १९४५ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर दोन कायदे आले. १ एप्रिल १९४७ पासून देशभर औद्योगिक विवाद कायदा, आणि मुंबई प्रांतात तिथले मजूरमंत्री गुलझारीलाल नंदांनी पुढे रेटलेला मुंबई औद्योगिक संबंध कायदा, ज्याला गिरणगाव बीआयआर म्हणूनच ओळखते.

केंद्रीय कायद्याखालचा समेट कसा चालायचा, हे कोणत्याही औद्योगिक पट्ट्यातला युनियनचा कार्यकर्ता तोंडपाठ सांगेल. मागणीपत्र द्यायचे. व्यवस्थापन दाद देत नाही म्हटल्यावर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज. समेट अधिकारी दोघांना बोलावतो. पहिल्या तारखेला कंपनीचा माणूस ‘वरून सूचना घेतो’ म्हणून वेळ मागतो. दुसऱ्या तारखेला लेखी म्हणणे येते. अधिकारी एकाला आत ठेवून दुसऱ्याला बाहेर बसवतो, आकडे काढून घेतो, मग जागा बदलतो. कायद्याने मुदत १४ दिवसांची, प्रत्यक्षात महिने जायचे. जमले तर ‘बारा-तीनचा करार’, म्हणजे कलम १२(३) खालचा, आणि तो सही न करणाऱ्या कामगारांनाही बांधील. नाही जमले तर अपयशाचा अहवाल सरकारकडे. खरी मेख पुढे होती. प्रकरण न्यायाधिकरणाकडे पाठवायचे की नाही, हे सरकार ठरवणार. फाइल मंत्रालयात अडली की कामगार अडला. अधिकाऱ्याच्या हातात निकाल नव्हता, पण ही फाइल होती, म्हणून मालक त्याच्यासमोर येऊन बसत.

व्ही. व्ही. गिरींना ही पद्धत मान्य नव्हती. दोन्ही बाजूंनी आपापल्या ताकदीवर वाटाघाटी कराव्यात, असे ते केंद्रीय मजूरमंत्री म्हणून सांगत राहिले. बँक कर्मचाऱ्यांच्या बाजूने लागलेला निवाडा सरकारनेच बदलला, तेव्हा १९५४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांच्या राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९ मध्ये सुचवले की समेट सरकारच्या हातून काढून स्वतंत्र औद्योगिक संबंध आयोगाकडे द्यावा. कुठल्याच सरकारने ते केले नाही. हाती आलेली फाइल कोण सोडतो?

बीआयआरखाली तर सरकारचा हात आणखी खोल होता. एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन, आणि वाटाघाटी फक्त तिच्याशी. गुप्त मतदान नाही, दप्तरातल्या सभासदांवर मान्यता. मुंबईच्या गिरण्यांमध्ये हा मान इंटक या काँग्रेसप्रणीत कामगार संघटनेच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले, तेव्हा हा कायदा रद्द करा, ही त्यांची एक मुख्य मागणी होती. पगारवाढीइतकाच जीव त्यांनी त्यात ओतला. बदली कामगार रोज सकाळी गेटवर उभा राहायचा, काम मिळाले तर आत, नाही तर घरी. आपले गाऱ्हाणे मांडायला आपण निवडलेला माणूस हवा, एवढेच तो मागत होता.

कामगार ज्या नेत्यामागे होते त्याला सरकारने अधिकृत जागा दिली नाही, आणि जिला जागा होती ती संघटना कामगारांना कामावर आणू शकत नव्हती. मधला माणूस असूनही मधे कोणीच नव्हते. ऑक्टोबर १९८३ मध्ये सरकारने १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. सरकार फक्त हरलेल्या कामगारांपासून दूर राहिले असे म्हणून मला थांबता येत नाही. टेबलाशी कोण बसेल हे त्याने आधीच ठरवले होते, म्हणून जबाबदारीही त्याचीच.

पुढच्या दशकांत सरकार हळूहळू मागे सरले. १९८९ मध्ये टेल्कोचे (आजच्या टाटा मोटर्सचे) कामगार पुण्यात शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले, तेव्हा पहाटे पोलिसांनी त्यांना उचलून नेले. १९९१ नंतर गुंतवणूक आणणे हे राज्यांचे पहिले काम झाले आणि समेट अधिकाऱ्याचा शब्द हलका झाला.

औद्योगिक संबंध संहिता २०२० मध्ये मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने सरकारच्या हातातली ती फाइल काढून घेतली. समेट फसला की कोणताही पक्ष थेट न्यायाधिकरणात जाऊ शकतो. हे चांगले झाले, मनापासून म्हणतो. पण संपाची १४ दिवसांची नोटीस आता सगळ्याच कारखान्यांना लागू आहे, आणि नोटिशीनंतर अधिकाऱ्याने पहिली बैठक घेतली की कार्यवाही संपेपर्यंत व त्यानंतर सात दिवस संप बेकायदा. अधिकाऱ्याकडे मालकाला हलवण्याचे साधन उरले नाही, कामगाराला थांबवण्याचे मात्र उरले. एकाहून अधिक युनियन असतील तिथे वाटाघाटीचा हक्क ५१ टक्के सभासद असलेल्या युनियनला. तेवढे कोणाकडेच नसतील तर किमान २० टक्के असलेल्यांची मिळून परिषद.

हे टक्के मोजताना कोणाची डोकी धरायची, हा पुण्याजवळच्या चाकण-रांजणगाव या औद्योगिक पट्ट्याचा आजचा प्रश्न आहे. एकाच लाइनवर कायम कामगार, कंत्राटी आणि प्रशिक्षणार्थी खांद्याला खांदा लावून उभे असतात. कंत्राटी कामगाराने अर्ज केला की पहिल्याच तारखेला कंपनी म्हणते, हा आमचा माणूस नाही, आणि समेटाचे पत्र ठेकेदाराच्या पत्त्यावर जाते.