पार्श्वभूमी : बाइकमधले बदल, कोकणातले घाट आणि कलम ५२

जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवल्याच्या बातम्या राज्यात अधूनमधून येतात आणि कोकणातल्या गॅरेजांत तोच वाद पुन्हा निघतो: गाडीत कोणता बदल चालतो आणि कोणता नाही?

जावा, राजदूतचा काळ इथे सोडून देऊ. ताकद वाढवण्याची खरी हौस लावली ती यामाहाच्या आरएक्स १००ने. १९८५ साली आलेली ही टू-स्ट्रोक ९८ सीसीची, साधारण ११ अश्वशक्तीची आणि वजनाला शंभर किलोच्या आसपास. १९९६ला ती बंद झाली, तरी हौशी लोक तिला अजून जपतात. तिच्यातले बदल लेथवरच व्हायचे. ब्लॉक बोअर करून, म्हणजे सिलिंडरचे भोक मोठे करून, ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा, मिश्रण आत-बाहेर जायच्या वाटा म्हणजे पोर्ट घासायचे, एक्स्पान्शन चेंबर म्हणजे मध्ये फुगलेला सायलेन्सर पाइप बसवायचा. चेंबरमधून परतणारी दाबाची लाट निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते, पण ते ठरावीक आरपीएमवरच (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवर). आंबोलीच्या वळणांवर ते आरपीएम टिकत नाहीत. घाटात रोज चढणाऱ्याला मागचा स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चाक) दोन दात मोठा घातलेला जास्त उपयोगी पडतो. वरचा वेग थोडा जातो, ओढ वाढते.

२००१मध्ये पल्सर आली, २०१२मध्ये केटीएमची ड्यूक २००. स्लिप-ऑन सायलेन्सर (फक्त मागचा डबा बदलायचा), हवेचे उघडे कोन फिल्टर असे तयार भाग कुरियरने घरी येऊ लागले आणि लेथवाल्याकडचा फेरा टळला, त्याबरोबर त्याचा सल्लाही. मोकळ्या सायलेन्सरने कार्ब्युरेटरचे मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. पेट्रोल सोडणारा मेन जेट वाढवला नाही तर इंजिन तापते. मूळ फिल्टरची पेटी (एअरबॉक्स) काढून लावलेला उघडा फिल्टर कोकणात पावसाळाभर पाणी ओढतो आणि एरवी जांभ्याची तांबडी धूळ. इकडच्या हवेत तो बसवूच नये.

खरा गुंता कायद्याचा आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी घेऊन गाडीत बदल करता येत असे. २००० साली ते कलम कडक झाले: आरसी बुकातला तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करायचा नाही. केरळातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९मध्ये हाच अर्थ कायम झाला. ‘आता सगळेच बंद’ असा बोभाटा झाला तो तेव्हापासून. पण निकालाचा भर आरसीत नोंदवण्याच्या तपशिलावर आहे. आरसीत इंजिन आणि चासी नंबर असतो, सीसी, इंधन, रंग, वजन असते. स्प्रॉकेटचे दात, ब्रेक पॅड, टायरचा मेक त्यात कुठेच नसतो. ब्लॉक बोअर केला की सीसी बदलते, म्हणजे तो बदल उघडच बसत नाही आणि अपघात झाला तर विम्याचा दावाही अडू शकतो. सायलेन्सरही आरसीत नाही. त्याला आवाजाचे नियम लागू होतात. कारखान्यातून निघताना ८० ते १७५ सीसीच्या मोटरसायकलला ७७ डेसिबल आणि त्यावरच्या गाडीला ८० डेसिबल ही मर्यादा आहे.

२०१९च्याच कायदा-दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली आणि बाहेरचे भाग बसवणेही स्पष्ट शब्दांत तिच्यात घातले गेले. नाक्यावर डेसिबल मीटर क्वचितच असतो, सगळे कानावर चालते. मध्यरात्री गावातून फटाके फोडत जाणाऱ्या सायलेन्सरवर कारवाई व्हायलाच हवी. पण भर पावसात कुंभार्ली घाट उतरताना चांगले टायर आणि स्टीलच्या वेणीचे ब्रेक पाइप जीव वाचवतात. हा खर्च करणाऱ्या पोरालाही त्याच रांगेत उभे करणे मला अन्यायाचे वाटते. कोणते भाग चालतील याची साधी यादी परिवहन खात्याने काढली, तर निम्मे वाद नाक्यावरच मिटतील.

एप्रिल २०२०पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि कार्ब्युरेटर जवळपास गेला. आता जेटऐवजी ईसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचे, मॅप (इंधनाचे हिशेब) बदलतात. बऱ्याच गाड्यांत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इंजिनाला जोडलेल्या बेंड पाइपमध्येच असतो. नुसता स्लिप-ऑन लावला तर तो राहतो. बेंड पाइपसकट सगळे बदलणारी फुल सिस्टिम बसवली की जातो, आणि मग पीयूसीच्या वेळी गाडी अडू शकते.