वोक शेगडी (उघड्यावरची, उचलून नेता येणारी)

गोल बुडाच्या चिनी कढईखाली, म्हणजे वोकखाली, उघड्यावर दणदणीत आच देता यावी म्हणून केलेली, एक-दोन माणसांना उचलून नेता येते अशी शेगडी. इंधन आता बहुतेक ठिकाणी एलपीजी, प्रोपेन नाहीतर ब्युटेन, आधी कोळसा आणि रॉकेल होतं. मुंबई-पुण्यात चायनीजच्या गाडीवर जो बर्नर घोंघावत असतो तो हिच्याच घराण्यातला, फक्त तो रोज त्याच नाक्यावर लागतो आणि कॅम्पिंगवाली शेगडी गाडीच्या डिकीत बसते.

वोक हा शब्द कँटोनीज, उत्तरेकडच्या मँडरिनमध्ये त्याच भांड्याला ग्वो म्हणतात. आपली कढई संस्कृत ‘कटाह’पासून आलेली, आणि दोन्ही भांडी दिसायला इतकी सारखी की एकावरून दुसरं आलं असं पुष्कळजण लिहून मोकळे होतात, पण गोल बुडाचं भांडं तीन दगडांवर किंवा मातीच्या चुलीच्या भोकात सगळ्यात नीट बसतं हे कुठल्याही मुलखातल्या माणसाला आपसूक सुचण्यासारखं आहे, त्यामुळे नुसत्या आकारावरून नातं जोडू नये हे बरं.

उगमाबद्दल मतभेद आहेत आणि ते जरा सविस्तर बघायला हवेत. चीनच्या हान राजवटीच्या काळातल्या (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) थडग्यांमध्ये मातीच्या छोट्या चुली सापडतात, वर भांडी बसवायला भोकं, काहींना मागे धुराडंसुद्धा. यावरून वोक आणि त्यातलं परतणं दोन्ही हान काळातलंच असं काहीजण धरतात. पण त्या भांड्यात काय शिजत होतं हे मातीचं खेळण्याएवढं मॉडेल सांगत नाही, उकळणं असेल, वाफवणं असेल, धान्य भाजणं असेल. परतण्याचा त्यातल्या त्यात जुना लेखी पुरावा साधारण सहाव्या शतकातल्या जिआ स्सिश्ये यांच्या शेतीविषयक ग्रंथात मिळतो, तिथे अंडी तेलावर परतायची कृती आहे. हॉटेलात परतलेले पदार्थ सर्रास मिळू लागले ते बहुधा सोंग काळात (९६० ते १२७९), आणि घरोघरी ही पद्धत पोचायला मिंग काळाचा उत्तरार्ध उजाडला असावा.

दुसरा वाद कारणाचा. नेहमी सांगतात ते असं की चीनमध्ये सरपणाची टंचाई होती म्हणून भाजी बारीक चिरून झटपट परतायची पद्धत निघाली. ऐकायला पटतं. पण परतायला तेल लागतं आणि एकदम भडकणारी आच लागते, आणि गरिबाच्या घरी या दोन्ही गोष्टी महागच, तिथे पेज आणि उकडलेलं चालायचं. त्यामुळे शहरातल्या खानावळींनी, जिथे गिऱ्हाईक उभं असतं आणि ताट पाच मिनिटात द्यावं लागतं, तिथे ही पद्धत वाढली हे म्हणणं जास्त जुळतं. सरपणाची बचत खोटी नाही, पण तेवढ्यावर सगळा डोलारा उभा राहत नाही.

मग शेगडी उचलून बाहेर कधी नेली? मिंग काळातले लेखक गाव लिएन यांनी १५९१ च्या सुमारास सहलीला न्यायच्या सामानात हातात धरून न्यायच्या शेगडीचं वर्णन केलंय, डब्यासारखी रचना, खाली तांब्याची शेगडी, बरोबर कोळसा ठेवायची सोय. हिला आजच्या शेगडीची आजी म्हणायचा मोह होतो, पण वर्णनात चहा आहे, पेज आहे, परतणं नाही. म्हणजे उघड्यावर चूल न्यायची हौस जुनी, उघड्यावर वोकची आच न्यायची गोष्ट वेगळी. ती खऱ्या अर्थानं दिसते ती विसाव्या शतकात हाँगकाँगच्या रस्त्यावरच्या दाय पाय दोंग नावाच्या टपऱ्यांवर, जिथे रॉकेलच्या गर्जणाऱ्या शेगड्यांवर वोक चढायचा. त्याच्या आधी १८९२ साली स्वीडनमध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी बिनवातीचा, पंप मारून चालणारा रॉकेलचा स्टो केला, तोच प्रायमस, अमुंडसेन यांच्या तुकडीबरोबर १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावरही गेलेला. जपानमध्ये इवातानी कंपनीनं १९६९ मध्ये बिननळीची, ब्युटेनचा डबा आत आडवा बसवायची शेगडी बाजारात आणली आणि तिथून कॅसेट शेगडी हा प्रकार आशियाभर गेला.

आता मुख्य मुद्दा, आच. वोकच्या पदार्थाला जो धुरकट, किंचित करपट, तरी ताजा वास असतो त्याला कँटोनीजमध्ये वोक हेइ म्हणतात, हेइ म्हणजे हवा, वाफ, प्राण. तो कशानं येतो याचं एकच उत्तर नाही, तेलाचे बारीक थेंब ज्वाळेत पेटणं, साखर-प्रथिनांचं तांबूस होणं, मुरलेल्या पोलादाचा वास, सगळ्याचा वाटा धरतात. पण पाण्याचा हिशोब पक्का आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला साधारण २२५७ जूल लागतात. ट्रेकिंगचा छोटा स्टो ३ किलोवॅटचा धरा आणि त्यातली निम्मी उष्णता कढईत गेली असं उदारपणे माना, तर सेकंदाला जेमतेम दोन तृतीयांश ग्रॅम पाणी उडतं. आता पाव किलो चिरलेला कोबी टाकला की त्याला यापेक्षा कितीतरी जोरात पाणी सुटतं, ते बुडाशी साठतं, आणि कोबी परतायच्या ऐवजी शिजतो. २० किलोवॅटच्या बर्नरवर तिसरा हिस्साच कामी आला तरी सेकंदाला ३ ग्रॅम पाणी उडतं, म्हणजे सुटल्या सुटल्या वाफ. सगळा फरक इथे आहे. त्यामुळे लहान शेगडी असेल तर भाजी मूठ-मूठ घालून तीन घाण्यात परतावी, हा उपाय कुठल्याही महाग वोकपेक्षा जास्त कामाचा.

घरातला गॅसचा बर्नर साधारण २ ते ३.५ किलोवॅट, हॉटेलातला वोक बर्नर ३० किलोवॅट आणि वरही. उघड्यावरच्या प्रोपेनच्या शेगड्या मधे कुठेतरी, पुष्कळशा १५ ते २० च्या आसपास. पण नुसता आकडा बघून घेऊ नये. ट्रेकिंगच्या स्टोचं तोंड बोटभर-दोन बोटं रुंद, त्याची ज्वाळा गोल बुडाच्या एकाच ठिपक्यावर बसते, मधे तेल धूर सोडतं आणि चार बोटांवर भात गारच. चांगल्या वोक शेगडीत ज्वाळा मधे एकवटलेली असते पण कढईच्या पोटाला धरून वर चढते, भोवती पत्र्याचं कडं असतं ते वारा अडवतं आणि कढईला बूडही देतं. हे कडं नसेल तर गोल बूड डगमगतं, आणि गरम तेलाची डगमगती कढई अंधारात फार वाईट.

कान कसले हेही बघावं. दोन कानांचा दक्षिणेकडचा वोक शेगडीत घट्ट बसतो आणि झाऱ्यानं ढवळायचा, एका दांड्याचा उत्तरेकडचा उडवायला सोपा. उडवण्यावर २०२० मध्ये हंगटँग को आणि डेव्हिड हू यांचा निबंध आला, आचाऱ्यांचे व्हिडिओ मोजून त्यांनी दाखवलं की सेकंदाला सुमारे २.७ वेळा हेलकावा बसतो, कढई शेगडीच्या काठावर टेकवून पुढेमागे सरकवायची आणि सीसॉसारखी कलवायची. म्हणजे वजन सगळं हातावर नसतं, काठावर असतं. त्यात १२०० अंश सेल्सिअसचा उल्लेख येतो, तो ज्वाळेकडचा समजावा, कारण तेवढ्या तापमानाला पोलादच पिवळं चमकू लागेल.

इंधनाचं गणित मुक्कामाला फार छळतं. एलपीजीच्या किलोत साधारण ४६ मेगाजूल, म्हणजे २० किलोवॅटवर तासाला दीड किलोच्या वर गॅस जातो, ५ किलोचा सिलिंडर तीन तास. शिवाय लहान टाकीतून एवढा गॅस ओढला की आतलं द्रव बाष्प होताना टाकी गार पडते, बाहेरून दव धरतं, कधी बर्फाची पातळ साय येते, दाब उतरतो आणि ज्वाळा पिवळी होऊन बसते, तेव्हा टाकी हलवत बसू नका, आच कमी करून दहा मिनिटं थांबा. ब्युटेन तर उणे ०.५ अंशालाच उकळतो, म्हणून हिमालयात ब्युटेनचा डबा पहाटे रुसतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो. सह्याद्रीत हा प्रश्न जवळजवळ नाही. २५० ग्रॅमचा कॅसेट डबा साडेतीन किलोवॅटवर तासभर पुरतो. घरगुती रेग्युलेटर लावून मोठा बर्नर चालत नाही, त्याला हाय प्रेशरचा रेग्युलेटर आणि त्याच दाबाची नळी लागते.

कॅसेट शेगडीवर फार मोठी कढई ठेवली की तिचं पोट डब्याच्या वर येतं, खालची धग डब्यावर परतते आणि डबा फुटू शकतो, जपानमध्ये असे अपघात झालेत. डबा थेट स्टोखाली असेल तर चारी बाजूंनी वाराआड लावू नये. तंबूत अजिबात पेटवू नये, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि आपल्याकडे दिवाळीनंतर गडावरचं गवत वाळतं, एक ठिणगी पुरे, तेव्हा उघड्या कातळावर जागा बघावी, पाण्याची कॅन हाताशी ठेवावी. रेल्वेच्या डब्यात स्टो किंवा सिलिंडर नेणं बेकायदेशीर आहे, २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराईला पर्यटकांच्या डब्यात सिलिंडरमुळे आग लागून ९ माणसं गेली, तरी लोक सॅकमध्ये डबे घालून लोकलनं कर्जत-कसाऱ्याला जातात. हे थांबायलाच हवं, डबा उतरल्यावर बेस गावात घ्यावा किंवा स्वतःच्या गाडीनं जावं.

नवा पोलादी वोक मुक्कामाला नेण्याआधी घरी मुरवावा. कोरडा तापवला की राखाडी पत्रा आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग निळा होत जातो, निळा रंग सगळ्या पोटावर फिरला की तेलाचं फडकं फिरवायचं. मुक्कामावर तापमान बघायला पाण्याचा थेंब टाकावा, चुर्र होऊन उडाला तर अजून वेळ आहे, मण्यासारखा गोळा होऊन पळायला लागला की तेल घाला. जेवण झालं की गरम असतानाच पाणी ओतून काथ्यानं घासायचं, परत शेगडीवर मिनिटभर कोरडा करायचा आणि तेलाचा हात लावूनच सॅकमध्ये, नाहीतर पावसाळी हवेत घरी पोचेपर्यंत तांबेरा धरतो.