एअर ब्लीड की लो-एंड नीडल : ग्लो इंजिनच्या मिक्स्चरची पार्श्वभूमी

मॉडेल विमानांच्या १९३०च्या दशकातल्या स्पार्क इंजिनांत नीडल, म्हणजे इंधन कमी-जास्त करणारा सुईसारखा स्क्रू, फक्त पेट्रोल सोडायची. ठिणगीची वेळ वेगळ्या दांड्याने लावत. ईथर, रॉकेल आणि एरंडेलावर चालणाऱ्या युरोपी डिझेलला त्यासाठी कॉम्प्रेशन स्क्रू होता. १९४७च्या सुमारास ग्लो प्लग बाजारात आला आणि कॉइल, कंडेन्सर, बॅटरी सगळं विमानातून उतरलं. प्लगची प्लॅटिनमची तार मेथॅनॉलमुळे तापलेली राहते. मिक्स्चर (हवा-इंधनाचं मिश्रण) रिच झालं, म्हणजे त्यात इंधन वाढलं, की ती गार पडते आणि पेट उशिरा होतो, लीन (इंधन कमी) झालं की लवकर. इंधन आणि टायमिंग, दोन्हींचा भार एका नीडलवर आला तो तेव्हापासून.

तारांनी धरून गोल उडवायच्या कंट्रोल लाइन विमानांचं याने फारसं अडलं नाही. रेडिओ कंट्रोलबरोबर थ्रॉटल (इंजिनाचा वेग कमी-जास्त करण्याची सोय) आला आणि आयडलला, म्हणजे सर्वांत मंद चालीला, वेगळं मिक्स्चर लागू लागलं. ते देण्याच्या दोन पद्धती रूढ झाल्या, आणि त्यांच्या स्क्रूंना मैदानावर सरसकट 'लो-एंड' म्हणण्याची सवय लागली. आजचा निम्मा घोळ या एका शब्दाचा आहे.

एअर ब्लीडमध्ये कार्बोरेटरच्या पुढच्या अंगाला बारीक भोक असतं आणि स्क्रू त्याच्या वाटेत येतो. बॅरल (थ्रॉटलबरोबर फिरून हवेची वाट उघडणारा भाग) जवळजवळ बंद असताना या भोकातून जादा हवा आत जाते. स्क्रू आत फिरवला की हवा कमी, म्हणजे मिक्स्चर रिच. ट्विन नीडलमध्ये थ्रॉटल आर्मच्या (बॅरल फिरवणाऱ्या दांड्याच्या) मधोमध दुसरी नीडल असते. ती आत फिरवली की इंधन कमी, म्हणजे लीन. दिशा नेमकी उलटी! 'लो-एंड जरा बंद कर' हा सल्ला म्हणूनच कार्बोरेटर पाहिल्याशिवाय देऊ नये. समोर भोक दिसलं तर एअर ब्लीड, आर्मच्या मध्ये स्क्रू दिसला तर नीडल. एअर ब्लीड स्वस्त आणि साधा होता, पण नवशिक्यांना त्याने जेवढं छळलं तेवढं कशानेच नाही. बॅरल किती बंद व्हावा हे ठरवणारा थ्रॉटल स्टॉपचा तिसरा स्क्रू तर मिक्स्चरचा नाहीच. तरी तोही पिळला जातो.

क्रमाबद्दल वाद नको: आधी मेन नीडल (फुल थ्रॉटलची), मग लो-एंड. नीडल दीड ते अडीच फेरे उघडून इंजिन सुरू करावं, फुल थ्रॉटलला कमाल आरपीएम (मिनिटाला फेरे) गाठावा आणि तिथून २०० ते ४०० आरपीएम रिच करावं. मग विमान घट्ट धरून नाक सरळ वर करायचं. आवाज दबला तर अजून लीन आहे. आयडलला, २००० ते २५०० आरपीएमच्या आसपास, प्लगची बॅटरी काढून इंधनाची नळी चिमटावी. लगेच बंद पडलं तर लीन. चार-पाच सेकंद चालत वेग वाढत गेला तर रिच. थ्रॉटल झटकन उघडल्यावर धूर सोडत गुरगुरलं तर रिच, धुराशिवाय गपकन मेलं तर लीन. दुरुस्ती लो-एंड नीडलला अष्टमांश फेऱ्याची, एअर ब्लीडला पाव फेऱ्याची.

सायलेन्सर आल्यावर त्याचा दाब टाकीला देण्याची सोय झाली. नळीला टाचणीएवढं भोक असलं तरी दाब गळतो आणि हवेत इंजिन लीन होतं, मग नीडल कितीही फिरवा. टाकीची मध्यरेषा स्प्रे बारच्या (कार्बोरेटरमधल्या इंधनाच्या बारीक नळीच्या) पातळीत किंवा ५-१० मिमी खाली हवी. बोटं पंख्यापासून लांब राहावीत म्हणून पुढे नीडल बॅकप्लेटवर, म्हणजे इंजिनाच्या मागच्या झाकणावर, गेली. ते चांगलंच, पण नळीचा एक जोड वाढला आणि बुडबुड्यांना आणखी एक जागा मिळाली.

जुन्या लोखंडी पिस्टनांसाठीचा 'सुरुवातीला खूप रिच चालवा' हा सल्ला एबीसी (ॲल्युमिनियमचा पिस्टन, क्रोमचा थर दिलेला पितळी लायनर) इंजिनांना मारक ठरला. या इंजिनांचा लायनर (सिलिंडरची आतली नळी) वरच्या टोकाला निमुळता असतो. पुरेसं तापल्याशिवाय तो फुगत नाही आणि गार इंजिनात पिस्टन तिथे घासत राहतो. थोडं रिच, पण टू-स्ट्रोकच्या चढ्या, सलग आवाजात चालवावं.

मुंबईत लावलेली नीडल पुण्यात, सुमारे ५६० मीटर उंचीवर, किंचित रिच वाटते. दोन-तीन क्लिक (नीडलच्या खाचा) बंद करावी लागते. डिसेंबरच्या सकाळी तीच परत उघडावी.