क्रिप्ट कुठलं, डार्कसाइड कुठलं?

"अरे, तो सिनेमा कुठला? सुरुवातीला एक सडका सांगाडा खदाखदा हसतो आणि पुढे मांजर माणसाच्या तोंडात शिरते तो?"

असा सिनेमा नाही. सांगाडा एका घरचा, मांजर दुसऱ्या घरची. सांगाडा 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' या मालिकेतला. मांजर 'टेल्स फ्रॉम द डार्कसाइड' या मालिकेच्या नावावर १९९० मध्ये आलेल्या सिनेमातली. पण हा घोळ एकट्या माझ्या मित्राचा नाही. भयपटांवर जीव असलेली चांगली जाणती माणसंही या दोन नावांत अडखळतात आणि त्यांना दोष देता येत नाही. दोन्ही अमेरिकी, दोन्ही अर्ध्या तासाच्या, दोन्हींत दर भागाला नवी गोष्ट आणि नवी माणसं, दोन्हींच्या नावाची सुरुवात 'टेल्स फ्रॉम द' अशी आणि दोन्हींवर पुढे मोठ्या पडद्याचे सिनेमे. त्यात भर म्हणजे दोघींचं मूळही एकाच विहिरीत आहे.

ती विहीर म्हणजे ईसी कॉमिक्स. मॅक्स गेन्स नावाचे प्रकाशक बायबलमधल्या गोष्टींची चित्रपुस्तकं काढायचे. ईसीमधला 'ई' तेव्हा 'एज्युकेशनल'चा होता. १९४७ मध्ये ते बोटीच्या अपघातात गेले, धंदा मुलाच्या, विल्यम गेन्सच्या, हाती आला आणि 'ई'चा अर्थ 'एंटरटेनिंग' झाला. १९५० पासून विल्यम आणि त्याचा संपादक अल फेल्डस्टीन यांनी भयकथांची तीन मासिकं चालवली. त्यांतलं एक 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट'. क्रिप्ट म्हणजे चर्चखालचं, मृतांना ठेवायचं तळघर. गोष्टींचा साचा ठरलेला असे. एक हलकट माणूस, त्याने केलेला खून किंवा फसवणूक आणि शेवटच्या पानावर, ज्याला मारलं तोच मातीतून उठून हिशेब चुकता करायला हजर. १९५४ च्या एप्रिलमध्ये गेन्सला सिनेटच्या उपसमितीपुढे साक्षीला उभं राहावं लागलं. बाईचं तुटलेलं मुंडकं आणि कुऱ्हाड दाखवणारं एका अंकाचं मुखपृष्ठ समोर धरून ते सुरुचीला धरून आहे का, असं विचारलं गेलं. भयकथेच्या मुखपृष्ठाच्या मानाने आहे, असं उत्तर त्याने दिलं. उत्तर प्रामाणिक होतं, पण त्याने काही वाचलं नाही. त्याच वर्षी कॉमिक्स कोड ही प्रकाशकांनी स्वतःच स्वतःला घालून घेतलेली नियमावली आली, शीर्षकात 'हॉरर' आणि 'टेरर' हे शब्द वापरायलाच बंदी आली आणि १९५५ पर्यंत ही मासिकं मेली.

१९५४ मध्ये पुढे भयपटांचा दिग्दर्शक झालेला जॉर्ज रोमेरो चौदा वर्षांचा होता आणि पुढे भयकथालेखक झालेला स्टीफन किंग सातेक. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण याच दोघांनी मिळून १९८२ मध्ये 'क्रीपशो' काढला: पाच गोष्टी, कॉमिकच्या पानांसारखी चौकट, भडक निळे-लाल दिवे, सगळा ईसीला केलेला मुजरा. नाव मात्र ईसीचं नाही. सिनेमा चालला आणि निर्माती कंपनी लॉरेल हिला त्यावरून मालिका काढायची होती. 'क्रीपशो'चे काही हक्क वॉर्नर ब्रदर्सकडे होते, म्हणून लॉरेलने वेगळं नाव घेतलं. ते नाव 'टेल्स फ्रॉम द डार्कसाइड'. पहिला भाग १९८३ च्या हॅलोविनच्या सुमारास आला आणि मालिका १९८४ ते १९८८ अशी चार सीझन चालली.

'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' हे खरं, कायदेशीर नाव घेऊन एचबीओची मालिका आली ती त्यानंतर, १० जून १९८९ ला. म्हणजे नाव जुनं तिची मालिका नवी आणि नाव नवं तिची मालिका जुनी. एकीने सातबारा मिळवला, दुसरीकडे नुसता चेहऱ्यातला सारखेपणा. डार्कसाइडला 'क्रिप्टची नक्कल' म्हणणारे इथेच फसतात. ती क्रिप्टच्या पाच वर्षं आधीची.

आता दोघींना एकेक करून बघू आणि पैशापासून सुरुवात करू, कारण पडद्यावरचा बराचसा फरक तिथूनच येतो. डार्कसाइड कुठल्याही मोठ्या नेटवर्कची नव्हती. ती गावोगावच्या टीव्ही केंद्रांना सुटी विकली जायची आणि बहुतेक ठिकाणी रात्री उशिरा लागायची. जाहिराती वजा जाता वीस-बावीस मिनिटं हातात. बजेट इतकं बेताचं की पुष्कळ भाग एका खोलीत, तीन-चार नटांवर उरकलेले दिसतात. एखादं नाट्यगृह बंद झाल्यावर मागे उरलेल्या नेपथ्यात कोणीतरी एकांकिका बसवली आहे असं वाटतं. मला त्यातली गरिबी आवडते. भिंत हलते की काय अशी शंका असली की तिच्यामागे काय आहे याचीही धास्ती वाटते.

क्रिप्टचं उलट. एचबीओला जाहिरातदार नव्हते, महिन्याचे पैसे भरणारे ग्राहक होते. त्यामुळे रक्त, शिव्या, नग्नता, सगळ्याला परवानगी. निर्मात्यांच्या यादीत रिचर्ड डॉनर, रॉबर्ट झेमेकिस, वॉल्टर हिल, जोएल सिल्व्हर. पहिल्याच रात्री तीन भाग दाखवले, ते डॉनर, झेमेकिस आणि हिल यांनी एकेक दिग्दर्शित केलेले. पुढे टॉम हँक्स आणि अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनीही एकेक भाग दिग्दर्शित केला. शीर्षकसंगीत डॅनी एल्फमनचं. सात सीझन, ९३ भाग, १९९६ पर्यंत.

आणि दारात उभा तो सांगाडा, क्रिप्टकीपर. केव्हिन येगरने तो बाहुला घडवला. 'चाइल्ड्स प्ले'मधला चकी हा बाहुलाही त्याचाच. आवाज जॉन कॅसिरचा. हा सूत्रधार नांदीला येतो, भरतवाक्यालाही येतो आणि दोन्ही वेळा कोट्या करतो. कोट्या म्हणजे अस्सल पीजे. मेलेल्या माणसांवर, तुटलेल्या अवयवांवर, सडण्यावर. आपल्या लग्नाच्या पंगतीत एक काका असतात ना, ज्यांच्या विनोदावर पोरं कपाळाला हात लावतात आणि तरी पुढच्या पंगतीला त्यांच्याच शेजारी बसतात, त्यातला प्रकार. तो हसला की प्रेक्षकाला कळतं, आता जे होईल ते मजेचं होईल.

डार्कसाइडला असा कोणी नाही. तिची सुरुवात आठवा: झाडं, ओढा, शेतं, साधा उजेडातला निसर्ग. एक संथ पुरुषी आवाज सांगतो की माणूस ज्या उजेडाच्या जगाला खरं मानतो त्याच्याखाली आणखी एक जग आहे, तितकंच खरं, फक्त अंधारलेलं. आणि तेच दृश्य निगेटिव्हसारखं उलटं, काळं होतं. बस. भूत नाही, किंकाळी नाही. आवाज पॉल स्पेरर या नटाचा आहे, पण चेहरा कधीच दिसत नाही. तो कोट्या करत नाही आणि आपल्याला सोडवायलाही येत नाही.

मला वाटतं खरा भेद इथेच आहे आणि तो गोष्टींच्या आतपर्यंत गेला आहे. क्रिप्टचं जग न्यायाचं आहे. झेमेकिसने केलेला भाग घ्या. नाताळच्या रात्री एक बाई नवऱ्याला मारते. बाहेर सांताक्लॉजच्या वेशात एक पळालेला वेडा खुनी फिरतो आहे. पोलिसांना बोलवावं तर नवऱ्याचं प्रेत घरात. ती दारं-खिडक्या लावत सुटते आणि शेवटी सांता आला म्हणून तिची चिमुरडी मुलगीच त्याला घरात घेते. हसू येतं, कारण बाईला तिच्या कर्माचं फळ अगदी मापात मिळालेलं असतं. 'जसं करावं तसं भरावं' हे इथे किळसवाण्या विनोदाच्या रूपात येतं. भीती वाटते ती कसं भरावं लागणार याची. भरावं लागणार की नाही, ही शंका नसतेच.

डार्कसाइडमध्ये हा हिशेब जुळेलच असं नाही. किंगच्या कथेवरचा १९८४ चा एक भाग आहे. मेलेल्या पुतण्याने काकासाठी घरीच जोडून ठेवलेला एक वर्ड प्रोसेसर. त्यावर वाक्य टाइप केलं की ते खरं होतं आणि पुसलं की ती वस्तू जगातून जाते. काका स्वतःचा उद्धट मुलगा पुसतो, कटकटी बायको पुसतो आणि त्या जागी भावजयीला आणि पुतण्याला टाइप करून आणतो. मग काय होतं? काही नाही. सुखाने नांदतात. क्रिप्टमध्ये हाच माणूस शेवटच्या मिनिटाला स्वतःच पुसला गेला असता. इथे तो सुटतो आणि सुटल्यामुळेच मनात काहीतरी खुपत राहतं. त्याच्या उलट १९८६ चा नाताळचा भाग. आईबाप पोरांना गंमत म्हणून ग्रिदर नावाच्या एका प्राण्याची गोष्ट सांगतात. त्याचं नाव घेतलं की तो निघतो, असं म्हणतात. पोरांना घाबरवायचं, एवढाच त्यांचा गुन्हा. आणि तो खरंच येतो. या दोन भागांना एकत्र ठेवून कसली शिकवण काढायची? कसलीच नाही. खालचं जग आहे, कोणाच्या वाट्याला कधी येईल सांगता येत नाही, एवढंच.

पण हा नियम पोलादी नाही, हेही सांगायला हवं. डार्कसाइडचा अगदी पहिला भाग एका सावकाराचा आहे. गावकऱ्यांच्या कर्जाचे कागद तो घरात लपवतो आणि दर हॅलोविनला त्यांच्या पोरांना ते शोधायला बोलावून घाबरवतो. शेवटी एक खरी चेटकीण दारात येते. हा भाग रोमेरोने लिहिला आहे आणि ईसीचं रक्त त्यात उघड दिसतं. घराणं एकच म्हटल्यावर कधी नाक सारखं निघणारच.

सिनेमांपाशी खरी गंमत होते, कारण इथे दोघींनी जणू कपडे बदलले. 'टेल्स फ्रॉम द डार्कसाइड: द मूव्ही' मे १९९० मध्ये आला, दिग्दर्शक जॉन हॅरिसन. मालिकेला कधी नव्हता तो गोष्ट सांगणारा इथे मिळाला: एक लहान मुलगा. डेबोरा हॅरीने केलेली टापटीप गृहिणी त्याला कोठडीत डांबून रात्रीच्या मेजवानीसाठी भाजायच्या तयारीत आहे आणि तो वेळ काढायला एकामागून एक गोष्टी वाचून दाखवतो. अरबी सुरस कथांतली शहरजादी आठवेल. आपल्या वेताळाला पाठीवर घेऊन चालणाऱ्या विक्रमाचीही आठवण येते, फक्त इथे पाठुंगळीला बसलेलाच घाबरलेला आहे.

गोष्टी तीन. पहिली कॉनन डॉइलच्या १८९२ च्या कथेवरची, ममीची. तीत स्टीव्ह बुशेमी, ख्रिश्चन स्लेटर आणि पहिल्याच सिनेमात ज्युलिअन मूर. दुसरी किंगच्या कथेवरची, ती मांजर. औषधांच्या चाचण्यांसाठी हजारो मांजरी मारलेल्या म्हाताऱ्या धनिकाच्या घरात एक काळी मांजर सूड घ्यायला आली आहे आणि तिला मारायला त्याने सुपारीबाज बोलावला आहे. पटकथा रोमेरोची. खरं म्हणजे ही गोष्ट 'क्रीपशो २'साठी ठरली होती, पैसे पुरले नाहीत म्हणून गळाली. 'क्रीपशो'चा मेकअप करणारा टॉम सॅव्हिनी याच सिनेमाला 'खरा क्रीपशो ३' म्हणतो, ते उगीच नाही. त्यामुळे मित्राने मांजरीला ईसीच्या सांगाड्याशेजारी बसवलं, त्यात त्याची स्मृती चुकली तरी नाक बरोबर होतं.

तिसरी गोष्ट मात्र अस्सल डार्कसाइड. न्यूयॉर्कमधला एक चित्रकार एका भयानक प्राण्याला खून करताना बघतो. तो प्राणी त्याला सोडतो, अट एकच, हे कोणाला सांगायचं नाही. त्याच रात्री त्याला एक बाई भेटते. प्रेम, लग्न, दोन मुलं, दहा वर्षं. मग एका हळव्या क्षणी तो बायकोला सगळं सांगून टाकतो. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. जपानी युकी-ओन्ना, म्हणजे बर्फातल्या बाईच्या कथेचा हा अवतार. लाफकाडिओ हर्नने १९०४ मध्ये ती इंग्रजीत आणली होती. विक्रमाने मौन मोडलं की वेताळ फक्त झाडावर परत जातो. इथे मोडलं की संसार जातो. आणि नवऱ्याचा दोष काय, तर विश्वास टाकला. क्रिप्टमध्ये ही गोष्ट बसली नसती.

क्रिप्टचे सिनेमे याच्या नेमके उलटे. 'डेमन नाइट' जानेवारी १९९५ मध्ये आला, 'बोर्डेलो ऑफ ब्लड' ऑगस्ट १९९६ मध्ये. दोन्हींत सुरुवातीला आणि शेवटी सांगाडा आहे, पण मध्ये गोष्ट एकच, सबंध दीड तास. कथासंग्रह विकत घ्यावा आणि आत कादंबरी निघावी तसं. 'डेमन नाइट' मला आवडतो, बिली झेनचा सैतान बघण्यासारखा आहे. पण तो क्रिप्ट नाही, क्रिप्टची टोपी घातलेला दुसराच सिनेमा आहे. दुसऱ्याबद्दल फार बोलू नये.

त्याच वर्षांत आपल्याकडेही घराघरांत भीती पोचत होती. १९९३ मध्ये रामसे बंधूंचा 'झी हॉरर शो' आणि १९९५ मध्ये सोनीवर बी. पी. सिंग यांचं 'आहट'. झीवर एक गोष्ट काही आठवडे पुरवायचे, त्यामुळे दोन भागांच्या मधली भीती फुकट मिळायची. पण तो वेगळा विषय.

हे सगळं मित्राला सांगून झाल्यावर तो म्हणाला, "आणि तो सांताक्लॉज? बाई नवऱ्याला मारते तो. तो नक्की क्रिप्टच ना?"

क्रिप्टच. पण कुठलं क्रिप्ट? तीच कथा १९७२ मध्ये अमायकस या कंपनीने 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' याच नावाच्या ब्रिटिश सिनेमात केली होती. तिथे बाई जोन कॉलिन्स, आणि तळघराचा राखणदार म्हणजे टोपडं ओढलेला, गंभीर राल्फ रिचर्डसन.

"मला एवढंच सांग," मी म्हटलं, "शेवटी कोणी हसलं का?"