पाय किलोत मोजतो

नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या किराणावाल्याचा डिजिटल काटा रिकामा दिसला की मी त्यावर तळहात ठेवतो, डोळे मिटतो आणि पाच किलो समजून दाबतो. पहिल्या खेपेला चार किलो भरतात, मग पावणेसहा. सात-आठ खेपा झाल्या की आकडा पाचच्या आसपासच घुटमळायला लागतो. ‘भाऊ, डाळ घेऊन राहिले की हातच तोलून राहिले?’ असं दुकानदार विचारतो. रास्तच आहे त्याचं.

माझ्या घरच्या रेसिंग रिगमधला सगळ्यात कामाचा भाग म्हणजे हाच काटा. फक्त तो ब्रेकच्या पेडलमागे बसवलाय.

सिम रेसिंग म्हणजे कॉम्प्युटरवरची शर्यत, पण खऱ्यासारखं स्टिअरिंग, पेडल आणि गाडीची सीट लावून. ‘व्हिडिओ गेमच की’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. यान मार्डनबरो हा ब्रिटिश तरुण 2011 साली ‘जीटी अकादमी’ ही गेम खेळणाऱ्यांतून खरे रेसर निवडणारी स्पर्धा जिंकून प्लेस्टेशनवरून खऱ्या ट्रॅकवर गेला, एवढं सांगतो आणि चहा मागवतो.

नवखा माणूस पैसे आले की आधी महागडं स्टिअरिंग घेतो. मीही तेच केलं आणि फेरीची वेळ तसूभर सुधारली नाही. कारण वेळ जातो तो ब्रेकमध्ये. खऱ्या गाडीत ब्रेकचे पॅड डिस्कला टेकले की पेडल पुढे फारसं सरकत नाही. नळीतल्या तेलाचा दाब मात्र वाढत जातो आणि गाडी किती आवळली जाणार ते त्यावर ठरतं. म्हणजे पाय किती आत गेला यापेक्षा किती जोरात दाबला हे महत्त्वाचं. स्वस्त पेडलमध्ये याच्या उलट असतं. आत स्प्रिंग आणि एक पोटेन्शिओमीटर, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असायचा तोच. तो फक्त पेडल किती फिरलं ते सांगतो. शिवाय त्यात एक पत्ती कार्बनच्या पट्टीवर घासत जाते, आणि आपल्याकडची धूळ तिथे बसली की आकडे उड्या मारतात. माझी गाडी एकदा सरळ रस्त्यावर, पाय वर असताना, आपोआप ब्रेक मारत होती.

काट्यातल्या लोडसेलमध्ये, म्हणजे जोर मोजणाऱ्या भागात, असं घासणारं काहीच नाही. धातूच्या ठोकळ्यावर नागमोडी आखलेली बारीक धातूची पट्टी चिकटवलेली असते. ठोकळा केसाच्या अंशाइतका ताणला की पट्टीही ताणते, लांब आणि बारीक होते, आणि तिचा विद्युतरोध वाढतो. 1938 मध्ये एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोन अमेरिकनांना ही युक्ती स्वतंत्रपणे सुचली. वाढ किती? 350 ओहमच्या पट्टीत पूर्ण भारालाही एक ओहमसुद्धा नाही. म्हणून अशा चार पट्ट्या व्हीटस्टन ब्रिज नावाच्या चौकोनी जोडणीत जोडतात आणि नुसता फरक मोजतात. पाच व्होल्ट दिले तर पूर्ण दाबाला साधारण दहा मिलिव्होल्ट मिळतात. ते वाढवून आकड्यात बदलणारी एचएक्स711 नावाची चिप नखाएवढी असते. हौशी लोकांच्या घरगुती वजनकाट्यांत आणि घरी बनवलेल्या पेडलांत तीच सापडते.

लोडसेल लावल्यावर पहिल्याच वळणाआधी मी चाळीस किलोचा ब्रेक मारला आणि खुर्चीसकट मागे, थेट कपाटाला जाऊन टेकलो. न्यूटनचा तिसरा नियम! पाय पेडलला जेवढं ढकलतो तेवढंच पेडल मला. खुर्चीला चाकं होती आणि खाली गुळगुळीत फरशी.

मग सीट आणि पेडल एकत्र धरून ठेवणारी फ्रेम आली. सगळे म्हणाले, ॲल्युमिनियम प्रोफाइल, म्हणजे नट बसवायला खाचा असलेल्या तयार दांड्या, घे. मी हिंगणा रोडवरच्या वेल्डिंगवाल्याकडून दीड इंची चौकोनी पोलादी पाइपची फ्रेम करून घेतली. ‘यावर हत्ती बसवता का भाऊ?’ त्याने विचारलं. पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट ताठ असतं, त्यामुळे मला त्याचा पश्चात्ताप नाही. प्रोफाइलचा खरा फायदा वेगळा. नट ढिले करून पेडल दोन बोटं पुढे-मागे घेता येतं, माझ्याकडे त्यासाठी ग्राइंडर लागतो. आणि प्रोफाइल घेतलंच तर 80 बाय 40 मिलिमीटरचं घेऊन 80 ची बाजू जोराच्या दिशेला ठेवा. शाळेची फूटपट्टी आडवी सहज वाकते, उभी धरली की हलत नाही, तेच इथे. भरीव पट्टीची उंची दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो.

स्टिअरिंगबद्दलही न्याय करायला हवा. टायर वळताना रस्त्याचा आडवा जोर त्याच्या टेकलेल्या भागाच्या मध्यावर न लागता किंचित मागे लागतो, म्हणून चाक सरळ व्हायला बघतं. तोच ताण हाताला कळतो. वळण कडक झालं की टेकलेल्या भागाची मागची कड घसरायला लागते, जोराचा बिंदू पुढे सरकतो आणि स्टिअरिंग हलकं पडतं. गंमत म्हणजे हे हलकं पडणं पकड संपण्याच्या जरा आधीच सुरू होतं. घरच्या स्टिअरिंगमध्ये हाच ताण आतली मोटर देते. ती गिअरमधून चाक फिरवते त्या स्टिअरिंगचा जोर साधारण दोन न्यूटन-मीटर, म्हणजे फूटभर चाकाच्या कडेला जेमतेम दीड किलो. त्यात गिअरची खडखड. मोटरच्या दांड्यावर थेट चाक बसवलेल्या डायरेक्ट ड्राइव्हमध्ये आठ न्यूटन-मीटर मिळाले तर कडेला पाच किलोच्या वर भरतात आणि ती बारीक खबर हातापर्यंत येते.

फक्त मे महिन्यात जपून. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्क्याने वाढतो, मोटर आणखी तापते आणि स्वतःला वाचवायला जोर कमी करते. कूलरच्या ओल्या हवेने पाइपला गंज धरतो, म्हणून फ्रेमवर रेड ऑक्साइडचे दोन हात मारलेत. लोडसेलच्या चारही पट्ट्या एकत्र तापत असल्याने उष्णतेची चूक बरीचशी एकमेकींत जिरते, पण सगळी नाही. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी पाय वर असतानाही माझा ब्रेक किंचित दाबलेला दिसतो. म्हणून उन्हाळ्यात आमची शर्यत रात्री दहानंतर, आणि त्याआधी किराणावाला रिकामी पिशवी ठेवून करतो तसा काटा शून्यावर.