पार्श्वभूमी : कोकणातल्या सिस्टर वाडीवर कशा पोहोचल्या

रायगडच्या कातकरी वाडीत किंवा पालघरच्या वारली पाड्यावर बचत गटाची बैठक भरते, तेव्हा बायकांच्या घोळक्यात चटईवर बसून वहीतली बेरीज तपासणाऱ्या सिस्टर आता कुणाला नवलाच्या वाटत नाहीत. पण कॅथलिक धर्मभगिनींचं मूळ काम हे नव्हतं. शतकानुशतकं त्यांना असं बाहेर बसायची परवानगीच नव्हती.

याच किनाऱ्यावर, जुन्या गोव्यात, १६०६ साली आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी सांता मोनिका हा स्त्रियांचा मठ उभा केला. त्याआधी १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेनं व्रतस्थ स्त्रियांसाठी बंदिवासासारखा कडक नियम घातला होता. एकदा आत गेलेली बाई पुन्हा बाहेर येत नसे आणि भेटायला आलेल्यांशी जाळीआडून बोलत असे. प्रार्थना, भरतकाम, मौन असं तिचं आयुष्य. गोरगरिबांची सेवा हा तिच्या व्रताचा भाग असला, तरी ती करायला दार ओलांडता येत नव्हतं. पुढे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली आणि उत्तर कोकणातले परदेशी धर्मसंघ निघून गेले. मागे राहिलेल्या ख्रिस्ती गावांना स्थानिक धर्मगुरूंनी सांभाळलं.

एकोणिसाव्या शतकात शिकवणाऱ्या आणि रुग्णसेवा करणाऱ्या सिस्टरांचे संघ भारतात आले. जीझस अँड मेरी संघाच्या भगिनी १८४२ साली आग्र्याला पोहोचल्या, अपोस्तोलिक कार्मेलनं १८७० मध्ये मंगळूरला काम सुरू केलं. त्यांचं काम मात्र मुख्यतः शहरांत, शाळांतून आणि अनाथाश्रमांतून चाले. शिवाय रोमच्या, म्हणजे पोपच्या चर्च-कारभाराच्या, लेखी अशा भगिनी पुऱ्या अर्थानं धर्मसंघीय नव्हत्याच. ती मान्यता पोप तेरावे लिओ यांनी १९०० साली दिली.

आणखी एक अडसर होता, आणि मला तो सगळ्यांत बोचणारा वाटतो. सिस्टरांना बाळंतपण करता येत नसे. व्रतस्थ स्त्रीनं प्रसूतीच्या खोलीत जाणं अयोग्य मानलं जाई. आपल्याकडच्या बायका परपुरुष डॉक्टरला दाखवायला तयार नसत आणि ज्या बाईकडे त्या विश्वासानं गेल्या असत्या तिचे हात नियमानं बांधलेले. अ‍ॅना डेंगल या ऑस्ट्रियन डॉक्टर रावळपिंडीत हेच पाहून अस्वस्थ झाल्या. त्यांनी १९२५ मध्ये मेडिकल मिशन सिस्टर्स हा संघ काढला आणि पाठपुरावा केला. अखेर फेब्रुवारी १९३६ मध्ये रोमनं बंदी उठवली. खेड्यातल्या दवाखान्यात सिस्टर सुईणीचं काम करू लागली ती त्यानंतर. मुंबईजवळ अंधेरीत आना हुबेर्टा रोगेनडॉर्फ यांनी १९४२ साली हेल्पर्स ऑफ मेरी हा संघ स्थापला, तोही याच बदलत्या काळात.

तोवर कोकणातली गरिबी मात्र आपल्या जुन्या वाटेनंच चालली होती. खोत सारा गोळा करी, कुळाच्या पिकातून आपला वाटा उचली आणि वर वेठही घेई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, कायदा झाला १९४९ साली. त्यानंतर कुळांना जमिनी मिळाल्या, पण सातबाऱ्यावर नाव बहुधा पुरुषाचं. कातकऱ्यांना तेही नाही. अनेकांची झोपडी आजही दुसऱ्याच्या जागेत आहे. पावसाळा संपला की उचल घ्यायची आणि सगळं कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर न्यायचं. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या, तोंडावर परतायचं ते हिशेबात काहीच न उरता. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झाली, उचल राहिली.

या घरांपर्यंत सिस्टरांची मदत आधी पोहोचली ती दान म्हणून. पन्नास-साठच्या दशकांत अमेरिकेच्या पीएल ४८० योजनेतली दुधाची भुकटी आणि धान्य देशभर चर्चच्या संस्थांमार्फतही वाटलं गेलं. भुकेल्याला अन्न देण्यात गैर काहीच नाही. पण पुढच्या वर्षी तीच माणसं त्याच रांगेत दिसत. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये धर्मसंघांना आपलं कार्य काळाशी ताडून पाहायला सांगितलं आणि पोप सहावे पॉल यांनी १९६७ मध्ये विकासाचा प्रश्न थेट न्यायाशी जोडला. कित्येक भगिनी मोठ्या कॉन्व्हेंटमधून निघाल्या, दोघी-तिघींनी मिळून गावात साधं घर घेतलं, काहींनी झग्याऐवजी साडी नेसली. केरळ, मंगळूर, गोवा, वसई अशा कुठून कुठून आलेल्या या बायकांना वाडीवरची मराठी नव्यानं शिकावी लागली.

१९८२ चा गिरणी संप इथे विसरून चालणार नाही. तळकोकणातली घरं मुंबईच्या मनीऑर्डरवर चालत होती. ती आटली आणि गावात राहिलेल्या बाईला घर चालवायला रोकड उरली नाही. मे महिन्यात पैशांची निकड म्हणून काजू बी व्यापाऱ्याला मिळेल त्या भावानं द्यायची. तीच बी ठेवून, फोडून, गर काढून विकला तर दाम कितीतरी जास्त. पण थांबायचं कशाच्या बळावर? चिकानं हात भाजतात म्हणून राख आणि तेल लावून बी फोडणं बायकांना येत होतं, कोकमाची सालं रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात घालत आमसुलं करणंही येत होतं. हाती नव्हतं ते थोडंसं भांडवल.

बचत गटानं नेमकं तिथेच काम केलं. दहा ते वीस बायका, दरमहा ठरलेली रक्कम, गरजेप्रमाणे आपसांत कर्ज. नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेनं १९९२ मध्ये असे गट बँकांना जोडायला सुरुवात केली आणि ज्या गावांत सिस्टर आधीपासून राहत होत्या तिथे गट बांधायला विश्वासाचं माणूस तयारच होतं. सिंधुदुर्ग धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतला भाग, २००५ साली पुण्यापासून वेगळा झाला. तिथे ख्रिस्ती वस्ती मोजकीच, त्यामुळे काम करायचं तर ते सगळ्या जातिधर्मांच्या बायकांबरोबरच. धर्मांतराचा संशय घेतला जातो, त्याला माझ्या मते गटाच्या उघड्या वहीइतकं सरळ उत्तर दुसरं नाही.

सिस्टरांची दर काही वर्षांनी बदली होते. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० साली झालेल्या बदलांनी प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, एका संस्थेनं दुसरीला निधी देणंही बंद झालं. छोट्या संस्थांना कार्यकर्त्यांचे पगार आणि प्रशिक्षणं भागवणं जड जाऊ लागलं. गटाचं खातं मात्र जवळच्या बँकेत गटाच्याच नावावर असतं, पैसे बायकांच्या बचतीचे असतात आणि ते काढायला सह्या लागतात त्यांच्यातल्याच पदाधिकाऱ्यांच्या.